व्हीआर-एआर घरी आणण्याआधी: सातारा-सांगलीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हीआर-एआरचा हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा पडदा, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी किंमत विचारतात. आमचं म्हणणं, किंमत शेवटी बघा. तुमच्या दोन डोळ्यांमधलं अंतर, चष्म्याचा नंबर, घरातली मोकळी जागा आणि गरगरण्याची सवय, या चार गोष्टींवर हेडसेट वापरात राहणार की कपाटात जाणार हे ठरतं. महागडा हेडसेटही इथे चुकला तर महिन्याभरात धूळ खातो. आणि ज्या कामासाठी लोक हेडसेट बघायला येतात, त्यातलं बरंचसं काम हातातल्या मोबाईलवरही होतं.

व्हीआर आणि एआर यात नेमका फरक काय?

व्हीआरमध्ये (व्हर्च्युअल रिॲलिटी) डोळ्यांसमोरचं खरं जग पूर्ण झाकलं जातं. दिसतं ते संगणकाने तयार केलेलं किंवा ३६० अंशांत चित्रित केलेलं. एआरमध्ये (ऑगमेंटेड रिॲलिटी) समोरची खोली दिसत राहते आणि तिच्यावर एखादी वस्तू, बाण किंवा मजकूर चढवला जातो. हल्लीचे हेडसेट दोन्ही करतात. बाहेरच्या बाजूचे कॅमेरे खोलीचं चित्र आत दाखवतात आणि त्यात आभासी वस्तू मिसळतात, त्याला मिक्स्ड रिॲलिटी म्हणतात. हे कॅमेऱ्याचं चित्र असल्याने उजेड कमी झाला की दाणेदार होतं. दुकानातल्या लख्ख दिव्यांखाली ते नेहमीच चांगलं दिसणार, त्यावरून घरातल्या संध्याकाळचा अंदाज बांधू नका.

आत्ताच्या मोबाईलवर यातलं काय काय जमेल?

दोन तपासण्या करा. अँड्रॉइड फोन असेल तर प्ले स्टोअरमध्ये ‘गुगल प्ले सर्व्हिसेस फॉर एआर’ शोधा. ते तुमच्या फोनवर बसत असेल तर बहुतेक एआर ॲप चालतील. दुसरी तपासणी जायरोस्कोपची, म्हणजे फोन कुठे वळला ते ओळखणाऱ्या सेन्सरची: यूट्यूबवर कोणताही ३६० अंशांचा व्हिडिओ लावा आणि फोन हातात धरून स्वतःभोवती फिरा. फोनबरोबर चित्र फिरलं तर जायरोस्कोप आहे. फक्त बोटाने सरकवल्यावरच फिरत असेल तर नाही, आणि मग त्या फोनवर व्हीआरचा विचार सोडून द्या. आयफोनमध्ये ६एसपासून पुढे एआर चालतं. १२ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो फोनमध्ये लेझरने अंतर मोजणारा लायडार सेन्सर असल्याने मापं जास्त नेमकी येतात.

घरगुती उपयोग म्हणाल तर सोफा किंवा कपाट खोलीत कसं दिसेल ते पाहणं, चष्म्याची फ्रेम चेहऱ्यावर लावून बघणं, भिंतीची ढोबळ मापं घेणं, परभाषेतल्या पाटीवर कॅमेरा धरून भाषांतर वाचणं. यासाठी एक रुपयाही खर्च करावा लागत नाही.

फर्निचर एआरमध्ये नीट बसलं, प्रत्यक्षात बसलं नाही. असं का होतं?

फोन जमीन ओळखतो ती तिच्यावरच्या नक्षीवरून, डागांवरून, सांध्यांवरून. चकचकीत व्हिट्रीफाइड टाइल किंवा कोरी पांढरी भिंत समोर असली की त्याला पकडायला काही मिळत नाही. टाइलमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत असेल तर तो त्यालाच खूण समजतो. मग सोफा हवेत तरंगतो किंवा फोन हलवला की सरकतो. शहाबादी फरशीवर हा त्रास सहसा होत नाही. टाइलवर वर्तमानपत्राची दोन पानं पसरा, दिवे लावा, फोन छातीच्या उंचीवर धरून आधी डावी-उजवीकडे सावकाश फिरवा आणि मगच वस्तू ठेवा. एवढं करूनही मापात काही सेंटीमीटरचा फरक गृहीत धरा. ऑर्डर देण्याआधी टेप लावून मोजायचंच.

याहून मोठी गफलत वेगळीच असते. एआर सांगतं की सोफा खोलीत मावतो. तो जिन्यातून वर चढेल का, हे सांगत नाही. साताऱ्याच्या पेठांमधले जुने वाडे आणि सांगलीच्या गावभागातल्या अरुंद बोळांतली घरं यांत खोली ऐसपैस आणि जिना अडीच फुटी, हे सर्रास आढळतं. मुख्य दाराची रुंदी, जिन्याच्या वळणावरची मोकळी जागा आणि वर डोक्यावरची उंची ही तीन मापं हातानेच घ्या आणि कागदावर लिहून दुकानात न्या.

मोबाईल घालायचा हजार-पंधराशेचा व्हीआर बॉक्स घ्यावा का?

केवळ ३६० अंशांचे व्हिडिओ कधीमधी बघायचे असतील तर चालेल. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका. गुगलने २०१४ साली पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड आणला, तिथून या बॉक्सची सुरुवात झाली. २०२१ साली गुगलने त्याची विक्री थांबवली. जिओडाइव्ह २०२३ साली १,२९९ रुपयांना आला, तोही याच जातीचा.

मर्यादा अशी की फोनला तुमची मान कुठे वळली एवढंच कळतं. डोकं पुढे किंवा बाजूला नेलं, खाली वाकलात, हे कळत नाही. याला ‘थ्री डिग्रीज ऑफ फ्रीडम’ म्हणतात, म्हणजे मोजली जातात ती फक्त तीन प्रकारची वळणं. तुम्ही पुढे झुकता तेव्हा समोरचं सगळं दृश्यच तुमच्याबरोबर पुढे सरकतं. खऱ्या जगात असं कधी होत नसल्याने मेंदू गोंधळतो आणि पोटात ढवळायला लागतं. मोबाईल न घालता चालणाऱ्या स्वतंत्र हेडसेटमध्ये कॅमेरे असतात, ते पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवीकडची हालचालही मोजतात. म्हणून बॉक्समध्ये त्रास झाला म्हणजे सगळ्याच व्हीआरचा त्रास होणार, असा निष्कर्ष काढू नका. उलटही खरं: बॉक्स आवडला म्हणून महागडा हेडसेट आवडेलच असंही नाही.

स्वतंत्र हेडसेटमध्ये पर्याय कोणते?

मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला आणि क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन्हींचा प्रोसेसर एकच, वजनही साधारण ५१५ ग्रॅमच. फरक आहे तो लेन्समध्ये आणि पडद्यात. क्वेस्ट ३ मध्ये पॅनकेक लेन्स (चपट्या, कडेपर्यंत स्वच्छ दाखवणाऱ्या) आणि दर डोळ्यामागे २०६४ × २२०८ पिक्सेल, तर ३एसमध्ये जुन्या धाटणीच्या फ्रेनेल लेन्स आणि १८३२ × १९२० पिक्सेल. फ्रेनेल लेन्समध्ये मधला भाग स्वच्छ आणि कडा धूसर दिसतात, काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती उजेडाचे फराटेही दिसतात. बाजारात आले तेव्हा अमेरिकेतल्या किमती क्वेस्ट ३ ची ४९९.९९ डॉलर आणि ३एसची २९९.९९ डॉलर. खेळ आणि व्यायाम यासाठी ३एस पुरतो. वाचन, नकाशे, घराचे आराखडे असलं काही करायचं असेल तर क्वेस्ट ३ वरचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्लेस्टेशन व्हीआर २ ला मुळात प्लेस्टेशन ५ लागतो, किंवा वेगळा अडॅप्टर लावून खेळांसाठीचा कॉम्प्युटर. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ साली ३,४९९ डॉलरला आला. चित्र अप्रतिम, पण ६०० ग्रॅमच्या वर वजन चेहऱ्यावर, बॅटरी वेगळी खिशात, आणि ती चालते साधारण दोन तास. घरगुती खरेदी म्हणून आम्ही तो सुचवत नाही.

डोळ्यांमधल्या अंतराचा एवढा बाऊ का?

कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिथूनच निघतात. दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ ते ७२ पर्यंत कुठेही असू शकतं. लेन्सचा मध्य आणि बाहुलीचा मध्य जुळला नाही तर चित्र पुसट दिसतं, कपाळ दुखतं, डोळे ओढल्यासारखे होतात. माणूस म्हणतो, हेडसेट भिकार आहे.

मोजायचं कसं? चष्म्याच्या दुकानात पीडी (या अंतराचं तिथलं नाव) विचारा, मिनिटभरात मोजून देतात. घरी मोजायचं तर आरशापासून २० सेंटीमीटरवर उभे राहा. मिलिमीटरची पट्टी भुवयांना टेकवून आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचं शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. पट्टी आणि मान न हलवता डावा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर किती आकडा येतो तो वाचा. तीनदा मोजून सरासरी घ्या.

आता हा आकडा हेडसेटशी ताडून बघा. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ठरावीक मर्यादेत हवं ते अंतर लावता येतं. क्वेस्ट २ आणि ३एसमध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. तुमचं अंतर ६० किंवा ६५ असेल तर जवळचा टप्पा चालून जातो. ५५ किंवा ७२ असेल तर ३एस घेण्याआधी डोक्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. घरात चौघं वापरणार असतील तर चौघांचीही मापं घ्या.

अंतर बरोबर लावलं तरी धूसरच दिसतं. काय करावं?

पट्टा तपासा. मागचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली बसला पाहिजे, वर नाही. आधी तो बसवा, मग वरच्या पट्ट्याने वजन उचलून घ्या म्हणजे गालांवरचा दाब कमी होईल, आणि शेवटी हेडसेट दोन्ही हातांनी धरून एकेक मिलिमीटर वर-खाली करत अक्षर जिथे धारदार दिसतं तिथे थांबवा. बहुतेकांचं काम इथेच होतं. पावसाळ्यात किंवा महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी लेन्सवर वाफ धरते. हेडसेट सुरू करून पाच मिनिटं तसाच ठेवा, लेन्स कोमट झाल्या की वाफ धरत नाही.

चष्मा असेल तर?

फ्रेम लहान असेल तर चष्म्यावरच हेडसेट बसतो. क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडची गादी मागे-पुढे करता येते, जुन्या क्वेस्ट २ मध्ये चष्म्यासाठी वेगळी चकती बसवावी लागते. धोका एकच, पण तो मोठा आहे: चष्म्याची काच हेडसेटच्या प्लॅस्टिक लेन्सवर घासली की कायमचा चरा पडतो. काढताना हेडसेट आधी पुढे ओढा, मग वर उचला. रोज वापरणार असाल तर नंबरच्या काचा हेडसेटमध्ये बसवून घेणं उत्तम. त्यासाठी लांबचा नंबर द्यायचा. पडदा डोळ्यांपासून चार बोटांवर असला तरी लेन्समुळे नजर साधारण एक ते दोन मीटरवर स्थिरावते, त्यामुळे फक्त वाचायचा चष्मा असलेल्यांना सहसा चष्म्याविना दिसतं.

घरात किती जागा लागते?

बसून वापरायचं असेल तर हात दोन्हीकडे पसरतील एवढी. उभं राहून हालचाल करायची असेल तर किमान दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांचा चौरस. गावाकडच्या घरात सोपा हीच योग्य जागा. फ्लॅटमध्ये टीपॉय आणि खुर्च्या बाजूला काढून हॉलमध्ये.

खेळायच्या जागेची सीमारेषा आखताना हेडसेट जमिनीकडे बघतो, छताकडे नाही. आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका छताचा पंखा आहे. साडेपाच फुटी माणसाचा वर केलेला हात सात फुटांच्या आसपास जातो, हातात धरायच्या कंट्रोलरसकट आणखी चार-सहा इंच, आणि उडी मारली तर त्याहून वर. नवीन बांधकामात पंखा नऊ फुटांवर असतो, जुन्या माळवदाच्या घरात तो साडेसातावरही असतो. अशा खोलीत पंखा बंद करून टेबल फॅन लावा. पोटमाळ्याची कड, भिंतीतली उघडी कपाटं, देव्हाऱ्याचा कळस यांचंही असंच. सीमारेषा खऱ्या भिंतीपासून हातभर आतच आखा. कंट्रोलरची मनगटाची दोरी अडकवल्याशिवाय कुणालाही खेळू देऊ नका, टीव्ही फुटतात ते याच कारणाने. गच्चीवर वापरू नका: कठडा दिसत नाही, आणि उन्हाचा धोका वेगळाच आहे, तो पुढे सांगितला आहे.

मळमळ, गरगरणं थांबवता येतं का?

बऱ्याच अंशी. डोळे सांगतात की आपण चालतोय, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण उभे आहोत. या विसंगतीतून मळमळ होते. पसरणी घाटात एसटीत बसल्यावर ज्यांना उलटी होते, त्यांनी डेमो घेतल्याशिवाय हेडसेटसाठी पैसे भरू नयेत.

सुरुवातीचा आठवडा रोज पाच ते दहा मिनिटंच वापरा, तेही बसून. ज्या खेळात तुम्ही जागेवर उभे राहता आणि वस्तू तुमच्याकडे येतात, तिथून सुरुवात करा. ज्या खेळात चालावं लागतं तिथे सेटिंगमध्ये जाऊन सरकत चालण्याऐवजी ‘टेलिपोर्ट’ (एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी जाणं) निवडा, सलग वळण्याऐवजी ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी वळणं निवडा, आणि चालताना कडा काळ्या करणारा कम्फर्ट पर्याय चालू ठेवा. समोरून टेबल फॅनचा वारा येऊ द्या. त्याने दोन फायदे होतात: घाम येत नाही, आणि आपलं तोंड खोलीत कुठल्या दिशेला आहे याचा शरीराला पत्ता राहतो. कुणाला आल्याचा तुकडा चघळून बरं वाटतं.

चेहरा गरम वाटणं, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम येणं ही पहिली लक्षणं. ती दिसताक्षणी हेडसेट काढा. ‘सवय होईल’ म्हणून रेटत राहिलात तर उलटंच होतं: शरीर हेडसेटलाच उलटीशी जोडतं आणि पुढे नुसता चेहऱ्याला लावला तरी कसंसं होतं. हेडसेट काढून लगेच दुचाकीला किक मारू नका. डोकं पूर्ण ताळ्यावर येईपर्यंत, निदान अर्धा तास, थांबा. यवतेश्वरचा घाट चढायचा असेल तर त्याहून जास्त.

अपस्मार, कानाच्या तोलाचा विकार, पेसमेकर किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

मधूनच चित्रातले हात गायब होतात, सीमारेषा हरवते. हेडसेट बिघडला का?

बहुधा नाही. कॅमेऱ्यांना खोली नीट दिसत नसते. अंधार, खिडकीतून येणारं थेट ऊन, आरशाची दारं असलेलं मोठं कपाट ही नेहमीची कारणं. आरशावर चादर टाका. ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली चित्र थरथरत असेल तर क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, आणि अमेरिकेहून आलेला हेडसेट ६० वर असू शकतो.

गणपतीत आणि दिवाळीत ही तक्रार वाढते. कंट्रोलरवर डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड दिवे असतात, त्यांच्या ठिपक्यांवरून हेडसेट हात कुठे आहे ते ओळखतो. आरासीच्या माळांचे बारीक दिवे त्याला तसेच ठिपके वाटतात. खेळताना माळा बंद ठेवा. कंट्रोलरचा सेल उतरला असला तरी हात असाच थरथरतो, म्हणून सेल आधी बदलून बघा.

३६० अंशांचा ‘फोर-के’ व्हिडिओ टीव्हीवर लख्ख दिसतो, हेडसेटमध्ये धूसर का?

गणित करून बघा. फोर-के म्हणजे आडवे ३,८४० पिक्सेल. टीव्हीवर ते सगळे तुमच्या समोर असतात. ३६० अंशांच्या व्हिडिओत ते तुमच्या पाठीमागेही पसरलेले असतात: ३,८४० भागिले ३६०, म्हणजे एका अंशाला जेमतेम अकरा पिक्सेल. चांगल्या नजरेला एका अंशात साठच्या आसपास लागतात. क्वेस्ट ३ चा पडदा साधारण २५ दाखवू शकतो, म्हणजे इथे कमी पडतो तो व्हिडिओ, हेडसेट नव्हे. एट-के व्हिडिओत अंशाला एकवीस मिळतात, तोच घ्यावा. यूट्यूबवर गुणवत्ता आपोआप न ठेवता हाताने सगळ्यात वरची निवडा आणि वाय-फायवरच बघा.

स्वतः चित्रित करायचं असेल तर ३६० अंशांचा कॅमेरा स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि हलवू नका. कासच्या पठारावर हातात कॅमेरा धरून चालत केलेलं चित्रीकरण हेडसेटमध्ये दोन मिनिटंही बघवत नाही.

हेडसेटमध्ये मराठी वाचता येतं का? कामासाठी मोठा पडदा म्हणून चालेल?

देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त पिक्सेल लागतात. अनुस्वार, रफार, ऋकार आणि ‘द्ध’, ‘ष्ट’, ‘क्ष’ यांसारखी जोडाक्षरं अंशाला वीस पिक्सेलच्या पडद्यावर एकमेकांत मिसळतात. डेमो घेताना ब्राउझरमध्ये एखाद्या मराठी वर्तमानपत्राचं पान उघडा आणि अक्षर न वाढवता वाचून बघा. ही तपासणी कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त सांगते. क्वेस्ट ३ वर अक्षर थोडं मोठं करून तासभर वाचता येतं. हिशेबाच्या वह्या, एक्सेलचे तक्ते, दिवसभराचं टायपिंग यासाठी साधा २४ इंची मॉनिटर घ्या. तो स्वस्तही पडतो आणि मानेवर अर्धा किलोही राहत नाही.

इंटरनेट किती लागतं? लाईट गेली तर?

खेळ एकदा उतरवून घेतला की बरेचसे इंटरनेटशिवाय चालतात. एकेक खेळ काही जीबींचा असतो. घेतलेला खेळ आवडला नाही तर मेटाच्या स्टोअरवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ही सोय मुद्दाम लक्षात ठेवा.

कॉम्प्युटरवरचे खेळ हेडसेटमध्ये बिनतारी बघायचे असतील तर इंटरनेटच्या वेगाचा संबंध नाही, घरातल्या राउटरचा आहे. कॉम्प्युटर राउटरला लॅन केबलने जोडा, राउटर ५ गिगाहर्ट्झवर आणि हेडसेट वापरता त्याच खोलीत ठेवा. दगडी किंवा मातीच्या जाड भिंतीपलीकडे ही लहर पोचत नाही, वाड्यातल्या माजघरात राउटर आणि सोप्यात हेडसेट हे जमणार नाही.

बॅटरी दोन ते अडीच तास चालते, त्यामुळे लाईट गेल्याने खेळ थांबत नाही. राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या. जास्त वेळ हवा असेल तर १८ वॉट देणारी १०,००० एमएएचची पॉवर बँक मागच्या पट्ट्याला बांधा. पुढचं वजनही तोलतं.

किल्ल्यांवर एआर चालेल का?

कल्पना सुंदर आहे. प्रतापगड २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला आहे, आणि पडक्या जोत्यावर मूळची वास्तू उभी राहिलेली बघायला कुणाला आवडणार नाही? अडचणी मात्र जमिनीवरच्या आहेत. मोबाईलचा जीपीएस उघड्यावरही काही मीटर चुकतो, कड्याच्या किंवा तटाच्या आडोशाला त्याहून जास्त. लोखंडी कठड्याजवळ होकायंत्र भरकटतं. उन्हात फोन तापून पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो. गडावर नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून माहिती पायथ्यालाच उतरवून घ्या. ॲप निवडताना जीपीएसऐवजी एखादा फलक किंवा दगडावरची खूण स्कॅन करून चालणारं घ्या, ते जागेवर घट्ट बसतं. आणि चालताना फोन खाली. बुरुजावर उभं राहूनच बघायचं. सोबत मुलं असतील तर एकाने फोन धरायचा आणि दुसऱ्याने पायाखाली बघायचं.

मुलांना कितव्या वर्षापासून द्यावा?

मेटाची अट आहे १० ते १२ वर्षांच्या मुलांसाठी पालकांच्या ताब्यातलं खातं आणि त्यापुढे किशोरवयीन खातं. सोनी १२ वर्षांखालच्यांना मनाई करतो, ॲपल १३. दहाच्या आतल्या मुलाला आम्ही देऊ नये म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांमधलं अंतर बहुतेक हेडसेटच्या मापात बसतच नाही. मोठ्या मुलांनाही एका वेळी वीस मिनिटं, मग खिडकीबाहेर लांब बघत दहा मिनिटं. हेडसेटमधलं चित्र मोबाईलवर किंवा टीव्हीवर ‘कास्ट’ करून ठेवा, म्हणजे मूल काय बघतंय ते तुम्हालाही दिसेल. अनोळखी लोकांशी बोलता येणारे खेळ पालकांच्या सेटिंगमधून बंद करा.

घरातल्या वयस्कर माणसांना याचा उपयोग आहे?

आहे, आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. सज्जनगडाच्या पायऱ्या आता चढवत नाहीत अशा आजींना, परवानगी असेल तिथे नातवाने स्टँडवर चित्रित केलेला गडाचा परिसर दाखवा. हात असलेल्या, न फिरणाऱ्या खुर्चीत बसवा, मानेचा त्रास असेल तर कॅमेऱ्याची मुख्य दिशा समोर ठेवा. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. आपण शेजारी बसून हात धरावा आणि आता काय दिसेल ते आधी सांगावं.

शाळेसाठी ‘व्हीआर लॅब’ घ्यावी का?

विक्रेत्याला तासाचं गणित मांडायला सांगा. ४० मुलं, ६ हेडसेट, म्हणजे सात तुकड्या. प्रत्येकी पाच मिनिटं बघायला आणि दोन मिनिटं घालायला-पुसायला धरली तर ४९ मिनिटं होतात. आपला तास असतो ३५ मिनिटांचा. शिवाय सहा हेडसेट चार्ज करणं, अपडेट करणं, हरवलेला कंट्रोलर शोधणं हे काम कुणाच्या तरी अंगावर पडतं, आणि त्या शिक्षकांची बदली झाली की लॅबला कुलूप लागतं. मराठी निवेदन आहे का, इंटरनेटशिवाय चालतं का, तीन वर्षांनी वर्गणी भरली नाही तर धडे बंद पडतात का, ही उत्तरं लेखी घ्या. बऱ्याच शाळांना एक हेडसेट प्रोजेक्टरला जोडून आणि चार-पाच टॅबवर एआर वापरून जास्त साधतं. हृदयाची रचना टेबलावर ठेवून सहा मुलांनी भोवती उभं राहून बघितली की ती एकमेकांशी बोलतात, प्रश्न विचारतात.

डोळ्यांची साथ चालू असेल तेव्हा सामायिक हेडसेट पूर्ण बंद ठेवा. एरवी प्रत्येक मुलानंतर फोमवर पुसता येणारं सिलिकॉन कव्हर हवंच. हाच नियम जत्रेतल्या व्हीआर खुर्चीलाही: कव्हर पुसत नसतील तर बसू नका.

हेडसेट आपल्याविषयी काय काय गोळा करतो?

खोलीचा आराखडा, आवाज, आणि तुम्ही डोकं व हात कसे हलवता ते. शेवटची गोष्ट निरुपद्रवी वाटते, ती तशी नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचालींवरून, केवळ १०० सेकंदांच्या नोंदीत, ९४ टक्के वेळा नेमका माणूस ओळखून दाखवला. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायला पालकांच्या पडताळलेल्या संमतीची तरतूद आहे, म्हणून मुलाचं वय खोटं टाकून खातं काढू नका, ते संरक्षणच जातं. नवं ॲप मायक्रोफोन किंवा खोलीची माहिती मागत असेल आणि खेळाला त्याची गरज दिसत नसेल तर नकार द्या.

कॅमेऱ्याचे स्मार्ट चष्मे म्हणजे एआर का?

रे-बॅन मेटा हा चष्मा मे २०२५ मध्ये भारतात २९,९०० रुपयांपासून आला. त्यात कॅमेरा, स्पीकर आणि आवाजी मदतनीस आहे, पडदा नाही. म्हणजे डोळ्यांसमोर काही दिसत नाही. एक्सरियलसारख्या चष्म्यांत पडदा असतो, पण तो यूएसबी-सी केबलने फोनला जोडावा लागतो, आणि फोनच्या त्या पोर्टमधून चित्र बाहेर यायला हवं. कमी किमतीच्या पुष्कळ फोनमध्ये ही सोय नसते. फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ लिहिलं आहे का ते पाहूनच घ्या.

ऊन, पाऊस, धूळ यांपासून कसा सांभाळावा?

भिंगाने कागद जाळतात तसंच इथे होतं: ऊन लेन्सवर पडलं की एका बिंदूत एकवटून आतल्या पडद्यावर कायमचा डाग पाडतं. मिनिटभरही पुरतं, हेडसेट बंद असला तरी. खिडकीच्या कट्ट्यावर, गाडीच्या डॅशबोर्डवर, गच्चीवर लेन्स वर करून ठेवायचा नाही. हा बिघाड दुरुस्त होत नाही आणि वॉरंटीतही धरत नाहीत.

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पावसात लेन्सवर बुरशी धरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून ठेवा आणि आठवड्यातून एकदा तासभर वापरा. लेन्स फक्त कोरड्या मायक्रोफायबरने, मधून बाहेर गोल पुसायच्या. सॅनिटायझर, कॉलिन, स्पिरिट काही लावायचं नाही, वरचा थर जातो. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि कंट्रोलरचे सेल काढून घ्या.

वॉरंटीचं काय? जुना हेडसेट घेतला तर चालेल?

आयात करून विकलेल्या तुकड्याला कंपनीची इथली वॉरंटी असेलच असं नाही. जीएसटी बिल, वॉरंटी नेमकी कोण देणार, एकच कंट्रोलर सुटा मिळतो का, हे तिन्ही आधी विचारा. सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार हेही बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २०२४ मधल्या अपडेटमधून विंडोज मिक्स्ड रिॲलिटी काढून टाकलं, आणि त्या जातीचे धडधाकट हेडसेट नव्या विंडोजवर निकामी झाले. ते अजूनही स्वस्तात विकायला येतात. घेऊ नका.

जुना घ्यायचा असेल तर समोरासमोर, दिवसा, अर्धा तास काढून बघा. पूर्ण पांढरं पान उघडा आणि एकेक डोळा मिटून पिवळे-काळे ठिपके किंवा रेघा शोधा, त्या उन्हाच्या खुणा असतात. लेन्सवर मोबाईलचा टॉर्च तिरका मारून चरे बघा. कंट्रोलरची काडी (जॉयस्टिक) सोडून दिल्यावर चित्र आपोआप सरकतंय का, पट्टा जिथे हेडसेटला जुळतो तिथे तडा आहे का, चार्जरची पिन ढिली आहे का, लेन्सचं अंतर सगळ्या टप्प्यांवर हलतं का, ते पाहा. वीस मिनिटं सलग चालवून बॅटरी किती उतरते ते टिपून ठेवा. शेवटी विकणाऱ्याला मोबाईल ॲपमधून तुमच्यासमोर त्याच्या खात्यातून हेडसेट काढून टाकायला सांगा, मग हेडसेट बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरा, येणाऱ्या यादीतून फॅक्टरी रीसेट करा, आणि तुमचं स्वतःचं खातं त्यात चालू झाल्यावरच पैसे द्या.